दुतोंड्या, कांडर आणि खवल्यांची मोजणी

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या एका विकांताला, आम्ही दोघं भीमाशंकरला गेलो होतो. दोघं म्हणजे मी आणि ऑफिसातला एक मित्र. त्याला इथे 'टेस्टर' म्हणू, कारण तो कामानेही तोच आहे आणि स्वभावानेही तोच. बरोबर वाट दाखवायला खालच्या वाडीतले एक मामा होते. पाऊस तासाभरापूर्वी थांबलेला, झाडांवरून अजून टपटप चालू, आणि पायवाटेवर लाल चिखल.

मामा पुढे होते. ते एकदम थांबले आणि हाताने आम्हाला मागे सरकवलं. "दुतोंड्या हाय. हात लावू नका."

वाटेत वीतभर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा, काळपट तपकिरी साप पडला होता. अंगावर तेल लावल्यासारखी चमक. एक टोक बारीक, टोकदार. दुसरं टोक जाड, आणि तिरकं कापलेल्या काकडीसारखं. त्या कापलेल्या भागावर मातीचा छोटा गोळा चिकटलेला. टेस्टर म्हणाला, "जाड बाजू म्हणजे डोकं." मामा म्हणाले, "दोन्ही बाजू डोकीच. सहा महिने हिकडून चालतो, सहा महिने तिकडून." मग त्या सापानेच निकाल लावला. बारीक टोक चिखलात खुपसलं आणि आमच्या डोळ्यांसमोर, कुणी आतून ओढून घ्यावं तसा, जमिनीत शिरत गेला. शेवटी उरलं ते कापलेलं टोक, मातीच्या टोपीसकट. भोक बुजवल्यासारखं. मग तेही गेलं.

जेमतेम चाळीस सेकंदांचा खेळ. माझ्याकडे मोबाईलवर काढलेले सहा फोटो उरले, त्यातले चार हललेले.

तो खापरखवल्या होता, एवढं मला तिथेच कळलं होतं (शेपटीवर खापराच्या तुकड्यासारखा खवला, म्हणून हे नाव. मराठीतल्या नेमक्या नावांपैकी एक). पण खापरखवल्यांमधला कुठला? हा प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि पुढचे चार-पाच विकांत त्यातच गेले. सह्याद्रीतल्या एका वीतभर सापाला नाव द्यायचं तर अडीचशे वर्षांचा इतिहास उपसावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. आणि चुकीचं नाव दिलं तर काय होतं, हे मात्र चांगलंच माहीत होतं. ते पुढे सांगतो, कारण त्यात मी फार शहाणा ठरत नाही.

आधी एक साधी गोष्ट. आपण साप ओळखतो म्हणजे काय करतो? रंग बघतो, नक्षी बघतो, फणा आहे का बघतो. हे आजचं नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे 80 प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचे गट पाडलेत ते दिसण्यावरूनच. दर्वीकर, म्हणजे दर्वीसारखा, पळीसारखा फणा असलेले. मंडली, म्हणजे अंगावर गोल मंडलं असलेले. राजिमंत, म्हणजे अंगावर रेघा असलेले. मग निर्विष, आणि शेवटी संकरातून झालेले वैकरंज. यातल्या पहिल्या तिघांत आपले नाग, घोणस आणि मण्यार यांच्यासारखे साप सरळ दिसतात. वैद्याच्या दृष्टीने ही वर्गवारी उत्तम होती. कुठल्या गटाच्या दंशाने काय लक्षणं होतात, हे त्याला हवं होतं आणि ते त्यात होतं. पण पालापाचोळ्यातल्या वीतभर तपकिरी सापाला ना फणा, ना मंडलं. असे सगळे साप अशा वर्गवारीत एकाच पोत्यात जातात.

रंगाची दुसरी अडचण युरोपातल्या संग्रहालयांत उघडी पडली. साप स्पिरिटमध्ये ठेवला की त्याचे रंग जातात. हिरवा हरणटोळ काही दिवसांत निळा पडतो, पिवळं पांढरं होतं, आणि शंभर वर्षांनी बरणीतले सगळे साप चहाच्या रंगाचे दिसतात. मग ओळखायचं कशावरून?

याचं उत्तर लिनियसने दिलं, आणि ते कुठल्याही इंजिनिअरला आवडेल असं आहे: मोजा. सापाच्या पोटाखाली आडव्या पट्ट्यांसारखे खवले असतात, गळ्यापासून गुदद्वारापर्यंत एका रांगेत. त्यापुढे शेपटीखालचे वेगळे. 1758 सालच्या 'सिस्टेमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत लिनियसने सापांच्या नावांपुढे हे दोन आकडे दिलेत. पोटाचे इतके, शेपटीचे इतके. बस्स. आज वाचताना ते नाव आणि आवृत्ती क्रमांकासारखं दिसतं.

हे चालतं का, तर बहुतेक सापांत पोटाखालचा एक खवला म्हणजे आतला एक मणका, असं जवळजवळ एकास एक नातं असतं. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना जेवढे खवले घेऊन येतं तेवढेच मरेपर्यंत राहतात. साप वाढतो, कात टाकतो, रंग बदलतो, बरणीत पडून विटतो, आकडा तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर रंग हा यूआय आहे, दर रिलीजला बदलेल. खवले डेटाबेसमध्ये आहेत.

अर्थात आकडाही अगदी पक्का नसतोच. एकाच जातीच्या दोन सापांत पाच-दहाचा फरक पडतो. नराची शेपूट लांब, म्हणून तिथले खवले मादीपेक्षा जास्त. त्यामुळे दोन आकड्यांवर भागेना, आणि पुढच्या दीडशे वर्षांत लोकांनी आणखी मोजायला सुरुवात केली: शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा किती, ओठावर किती, डोळ्याला टेकणारे कुठले, नाकपुडी आणि डोळ्याच्या मध्ये एक छोटा खवला आहे की नाही. गंमत वाटेल, पण सापाच्या डोक्यावरचा खवला न् खवला नाव घेऊन बसलेला आहे.

भारतात हे काम नीट सुरू केलं पॅट्रिक रसेलने. हा स्कॉटिश डॉक्टर आधी सीरियातल्या अलेप्पोत होता, प्लेगवर काम केलेला. 1780च्या दशकाच्या सुरुवातीला तो भावाबरोबर विशाखापट्टणमला आला आणि 1785 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ झाला. कंपनीला सापांत रस होता तो अगदी व्यवहारी कारणासाठी. माणसं मरत होती, आणि विषारी कुठला, बिनविषारी कुठला, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. रसेलने साप जमवले, मोजले, त्यांची चित्रं काढून घेतली, कोंबड्यांवर आणि कुत्र्यांवर दंशाचे प्रयोग केले (आज वाचताना पोटात ढवळतं), आणि 1796 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा मोठा सचित्र ग्रंथ काढला.

मला त्याची एक गोष्ट फार आवडली. त्याने सापांची तेलुगू नावं जशी ऐकली तशी लिहून ठेवली. घोणशीचं नाव त्याच्याकडे 'कटुक रेकुल पोडा' असं येतं. 'बंगारम पामू' म्हणजे सोनेरी साप, यातलं 'बंगार' पुढे थेट शास्त्रीय नावात जाऊन बसलं आणि मण्यारीच्या सगळ्या कुळाचं नाव 'बुंगारुस' झालं. म्हणजे आज लंडनमध्ये कुणी मण्यारीचं शास्त्रीय नाव घेतं तेव्हा तो अर्धा शब्द तेलुगू बोलत असतो. घोणशीला मात्र 1797 मध्ये रसेलचंच नाव मिळालं, 'रसेलिआय'.

पण रसेल किनाऱ्यावर होता. आमचा वीतभर साप डोंगरातला.

डोंगरात गेला तो रिचर्ड हेन्री बेडम, मद्रासच्या जंगलखात्याचा अधिकारी. निलगिरी, अनामलाई, वायनाड या भागात नोकरीनिमित्त वर्षानुवर्षं फिरला, आणि फिरताना लाकडं उलटत, दगड उचलत राहिला. खापरखवल्यांच्या अनेक जातींना पहिलं नाव त्याने दिलं, आणि 1886 मध्ये द्वीपकल्पातल्या आणि श्रीलंकेतल्या या सगळ्या भूमिगत सापांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. हे सापांचं घराणं जगात फक्त दक्षिण भारत-सह्याद्रीचा पट्टा आणि श्रीलंका एवढ्यातच सापडतं. आज त्यांच्या पन्नासहून जास्त जाती माहीत आहेत. सगळे बिनविषारी, बहुतेक गांडुळांवर जगणारे, अंडी न घालता पिल्लं देणारे, आणि वर्षातला बराच काळ जमिनीखाली. पावसाने माती भिजली की वर येतात. तुमच्या-आमच्यासारख्यांना दिसतात ते तेव्हाच.

ते जमिनीत शिरतात कसे, हे कोडं सुटायला 1978 साल उजाडलं. त्या वर्षी कार्ल गान्स आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक निबंध छापला, आणि त्याच्या शीर्षकातच मालगाडी आहे. या सापाच्या शरीराचा पुढचा भाग हे इंजिन. तिथले स्नायू गडद लाल, दमदार. मागचं सगळं शरीर म्हणजे नुसते डबे, मागून ओढले जाणारे. इंजिनाच्या भागात पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी दुमडतो, त्यामुळे तेवढा भाग फुगून बिळाच्या भिंतीला घट्ट बसतो, आणि मग त्या आधारावर टोकदार डोकं पुढे रेटलं जातं. मी भीमाशंकरला पाहिलेलं 'आतून ओढून घेतल्यासारखं' जाणं ते हेच. आणि मागचं खापर म्हणजे बिळाचं झाकण, त्यावर माती धरून ठेवणारं.

हे वाचून मी टेस्टरला रात्री साडेअकराला फोन केला. तो म्हणाला, "उद्या सांगितलं असतंस तरी साप तिथेच असता."

असो. बेडम दक्षिणेत राहिला, त्यामुळे दक्षिणेचे खापरखवल्ये पुस्तकात आले. आपला उत्तर सह्याद्री मागे पडला. इकडे मुंबईत 1883 साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्थेला बस्तान मिळालं ते फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानात. (साप बुडवून ठेवायला स्पिरिट लागतं हे लक्षात घेता ही जागा चुकीची म्हणता येणार नाही.) 1888 मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका खापरखवल्याला त्याच फिप्सनचं नाव दिलं गेलं. महाबळेश्वरच्या खापरखवल्याचा वेगळा उपप्रकार म्हणून नोंद व्हायला मात्र 1955 उजाडलं. इंग्रजांची उन्हाळी राजधानी, सगळे शौकीन शिकारी आणि निसर्गप्रेमी वर्षानुवर्षं तिथे जायचे, आणि तरी! कारण उघड आहे. साहेब उन्हाळ्यात जायचे आणि साप पावसाळ्यात वर यायचा. (हा माझा तर्क, कुठे छापलेला नाही.)

आता भीमाशंकर. 1864 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट ग्युंथरने एका खापरखवल्याचं वर्णन केलं. नाव दिलं 'बायकॅटेनाटा', म्हणजे दोन साखळ्यांचा. ठिकाण? 'दख्खन'. एवढंच! म्हणजे एखाद्या बग रिपोर्टमध्ये 'कुठे घडलं' या रकान्यात 'कॉम्प्युटरमध्ये' असं लिहावं तसं. पुढच्या विद्वानांना हा वेगळा वाटला नाही, त्यांनी तो दुसऱ्या एका पसरट जातीत जमा करून टाकला, आणि 'बायकॅटेनाटा' हे नाव यादीतून गेलं. साप भीमाशंकरच्या मातीत होताच, गांडुळं खात होता, पिल्लं देत होता. फक्त कागदावर नव्हता. 2008 मध्ये गॉवर, कॅप्टन आणि ठाकूर या तिघांनी 'हमाद्रायाड' या नियतकालिकात लंडनच्या जुन्या नमुन्यांशी इकडचे साप ताडून पाहिले, खवले पुन्हा मोजले, आणि तो स्वतंत्र असल्याचं दाखवून दिलं. 144 वर्षं. तोवर भारत स्वतंत्र होऊन, महाराष्ट्र होऊन, भीमाशंकरचं 1985 मध्ये अभयारण्य होऊन झालेलं. शेकरूसाठी ते राखलं, आणि खाली जमिनीत हा बिननावाचा भाडेकरू.

असंच 2016 मध्ये झालं. गोवा आणि आसपासच्या सह्याद्रीतला एक काळाभोर, इंद्रधनुषी चमकेचा भूमिगत साप इतकी वर्षं दक्षिणेतल्या एका जातीचाच समजला जात होता. तो वेगळा निघाला आणि त्याला पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं नाव मिळालं. तेच ते, 1980 साली 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत बसलेले, आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं करणारे.

कात्रजचं नाव आलंच आहे तर आता माझी गोष्ट.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. नववीच्या वर्षी आमची शाळेची सहल सर्पोद्यानात गेली होती आणि त्या मे महिन्यात मी आजोळी 'सापांमधला जाणकार' म्हणून वावरत होतो. एका रात्री न्हाणीघराच्या कोपऱ्यात मामाला साप दिसला. दीड फुटाचा, तपकिरी, अंगावर पांढरट आडवे पट्टे. मामाने मला हाक मारली. मुद्दाम मला! मी टॉर्च मारला, पट्टे बघितले आणि ओरडलो, "कांडर!" आमच्याकडे मण्यारीला कांडर म्हणतात. मामाने काठी घेतली. दोन फटक्यांत संपलं. आजी म्हणाली, पोरगा होता म्हणून वाचलो. मी मेलेल्या सापाचा फोटो काढला. त्या सुट्टीत मला रोज कुणी ना कुणी ती गोष्ट सांगायला लावायचं, आणि मी सांगायचो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका मित्राकडे व्हिटेकर आणि कॅप्टन यांचं 2004चं भारतीय सापांचं फिल्ड गाईड हातात आलं. मण्यारीचं पान उघडलं. मग शेजारी कवड्याचं. मग मोबाईलमधला तो जुना फोटो काढला.

मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट किंवा नसतातच, आणि शेपटीकडे ठसठशीत होत जातात. कवड्याचे उलट. मानेपासून सुरू होतात, तिथेच सगळ्यात ठळक, आणि शेपटीकडे विरत जातात. माझ्या फोटोतल्या सापाच्या मानेवरच सगळ्यात रुंद पट्टा होता. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. फोटो मोठा करून बघितला. नव्हती. सगळे खवले सारखे. घरातल्या पाली खायला आलेला कवड्या, आणि मी नाव घेऊन मारला. सहलीत आम्हाला हा फरक दाखवला होता की नाही हे आठवत नाही. दाखवला असेलच. मी तेव्हा अजगरासमोर उभा असणार.

कवड्या मण्यारीसारखा दिसतो याचा त्याला इतर शत्रूंपासून फायदा होत असेल. माणसापासून झाला नाही.

गंमत अशी (गंमत कसली!) की नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका लष्करी डॉक्टरने सोडवला होता. फ्रँक वॉल, जन्म सिलोनचा, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला. 1907 मध्ये त्याने भारतातले जमिनीवरचे विषारी साप कसे ओळखावेत यावर पुस्तक काढलं आणि 1928 पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. त्याची पद्धत म्हणजे चक्क इफ-एल्स. वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यालाही टेकतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही? मग नाग, नागराज किंवा पोवळा. नाही? मग पाठीच्या मधल्या खवल्यांची रांग मोठी आहे आणि खालच्या ओठाचा चौथा खवला सगळ्यात मोठा आहे? मग मण्यार. रंगाचा प्रश्नच नाही. अंधारात बोटांनी चाचपून ओळखता येईल इतकं चोख.

पण चाचपून. म्हणजे साप हातात, आणि मेलेला. वॉलची पद्धत बनलीच त्यासाठी होती: एकीकडे दंश झालेला माणूस, दुसरीकडे त्याच्याबरोबर फडक्यात बांधून आणलेला मेलेला साप, आणि मध्ये डॉक्टर. लिनियसपासून वॉलपर्यंतची ही सगळी सुंदर मोजणी मेलेल्या सापाची मोजणी आहे. त्याला मारू नये असं ठरवायलाही आधी मारावं लागत होतं.

आणि जिथे मोजणीही नव्हती तिथे? रत्नागिरी जिल्ह्याचं 1880 सालचं गॅझेटियर वाचताना मी थबकलो. तिकडे फुरशांचा सुळसुळाट, म्हणून सरकारने प्रत्येक मारलेल्या फुरशामागे इनाम लावलं होतं. 1862च्या डिसेंबरात, इनाम वाढवल्यावर, आठ-नऊ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी जमा झाली. आमच्याच जिल्ह्यात. एक लाख! ही टोपल्यांनी आलेली फुरशी कचेरीत कोण उलटून बघत असेल? फुरसं हातभर लांबीचं, तपकिरी, पाठीवर नागमोडी नक्षी. त्या रंगाचे आणि त्या मापाचे बिनविषारी साप कोकणात किती आहेत ते कुणी पावसाळ्यात कुंपणाशी उभं राहून बघावं. त्या लाखात त्यातले किती गेले असतील याची नोंद नाही, आणि असणार तरी कशी, इनाम सगळ्यांना फुरशाचंच मिळायचं.

आज यातलं बरंच बदललं आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं आणि पकडणं गुन्हा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष मिळतं आणि डॉक्टर उपचार करतात ते लक्षणं बघून. त्यामुळे साप मारून, पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काही गरज नाही. त्या नादात दुसरा दंश होतो आणि वेळ जातो तो वेगळाच. (मण्यारीबद्दल एक सांगून ठेवतो. तिचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड. 'काही झालेलं दिसत नाही' म्हणून थांबू नका.)

आणि बघायचंच असेल तर? पाऊस थांबल्यावरची सकाळ, जुन्या रानातली पायवाट, आणि सावकाश चाल. पाचोळा पायाने उडवायचा नाही. बूट असावेत, हात खिशात. दिसला तर दोन पावलं मागे व्हायचं आणि तिथूनच डोकं वरून, डोकं बाजूने, पाठीचा मधला भाग आणि शेपटीचं टोक असे चार फोटो काढायचे. एवढ्यावर बऱ्याच जाती लागतात. खापरखवल्यांचं मात्र खरं नाही. त्यांची ओळख अजून पोटाखाली आहे, आणि पोट काही तो आपणहून दाखवत नाही.

माझ्या सहा फोटोंतले दोन बरे होते. लॅपटॉपवर मोठे करून मी खवले मोजायला बसलो. एकदा साठ-बासष्टपर्यंत पोचलो आणि पुढे सापाने वळण घेतलेलं. दुसऱ्या फोटोत चिखलाचा शिंतोडा. शेवटी दोन्ही फोटो एका जाणकार सर्पमित्राला पाठवले. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं: खापरखवल्या नक्की, भीमाशंकर म्हणजे बायकॅटेनाटा असू शकतो, पण यावरून सांगणार नाही. टेस्टर म्हणाला, "म्हणजे इतकं करून नाव नाहीच?" मी माझ्या वहीत लिहिलंय, 'खापरखवल्या, जात अनिश्चित, भीमाशंकर, ऑगस्ट'. ठिकाण निदान ग्युंथरपेक्षा बरं लिहिलंय. :-)

इंजिनिअरिंगच्या त्या वर्षीच मी आजोळी जाऊन मण्यार आणि कवड्या यांची दोन चित्रं शेजारीशेजारी छापून न्हाणीघराच्या दारावर लावली होती, खाली जवळच्या सर्पमित्राचा नंबर. मामाला मी तेव्हा खरं काय ते सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "आजीला सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं.

गेल्या गणपतीत रात्री दहाला त्याचा फोन आला. "अरे, पडवीत आहे. पट्टेवाला."

"पट्टे मानेपासून आहेत?"

"उजेड कमी आहे. थांब, जवळ जातो."

"मामा, जवळ नको. ओळखायचं नाहीये आपल्याला. दार लावून घ्या, मुलांना आत घ्या, दारावरचा नंबर फिरवा."

सर्पमित्र पाऊण तासाने पोचला. तोवर साप पडवीतून गडग्याच्या बाजूला निघून गेला होता. मामाचा पुन्हा फोन आला, जरा खट्टू आवाजात: कांडर होती की कवड्या, ते शेवटी कळलंच नाही.